दादाच्या मापाची सीट

मास्तर म्हणजे एक बाई आहेत, हे नव्या गिऱ्हाइकाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागायचा. पाटीवर नुसतं ‘टेलर’ लिहिलेलं. आत मशीनवर वाकलेल्या एक ठेंगण्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक इकडेतिकडे बघून विचारायचं, मास्तर कुठे गेलेत? बाई मान वर न करता म्हणायच्या, हात बाजूला घेऊन उभे राहा, माप घेते. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि सगळा रस्ता त्यांना मास्तरच म्हणायचा.

दुकानात त्यांचे दोन नियम होते. पहिला, कपडा आधी उलटा करून बघायचा. बाहेरून शिवण कुणीही सरळ दाखवतो, हात कसा आहे ते आतून कळतं. दुसरा, जुन्या मापावर कात्री चालवायची नाही. ‘वहीत माप आहेच की माझं’ म्हणणारा माणूस गेल्याच महिन्यात येऊन गेलेला असला, तरी त्याला पुन्हा उभं राहावं लागे. वहीतलं माप माणसाचं नसतं, त्या दिवसाचं असतं, असं त्या ऐकवायच्या. इतक्यांदा ऐकवायच्या, की समोरचा इस्त्रीवाला ते वाक्य त्यांच्या आधी पुरं करायचा. हा दुसरा नियम लक्षात ठेवलेला बरा, पुढे तोच नडणार आहे.

मास्तरांना एकच भाऊ, त्यांच्याहून नऊ वर्षांनी थोरला. वडील लवकर गेले आणि घर दादाच्या निळ्या गाडीवर चाललं. भाड्याची गाडी. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला स्टेशनवर सोडायचं, कुणाची म्हातारी आई लेकीकडे पोचवायची. बहिणीचं पहिलं शिलाई मशीन दादाने त्याच गाडीतून आणलं. ते पायांसकट मागे मावेना, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून दोरीने बांधलं आणि दादा बैलगाडीच्या चालीने गाडी हाकत घरी आला. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना तो हात दाखवून सांगत होता, बहिणीचं मशीन आहे, दमानं घ्या. मास्तर ही गोष्ट सांगताना अजूनही आधी हसायच्या आणि मग चष्मा पुसायच्या.

दादा ताडमाड उंच. गाडीच्या छताला डोकं टेकायचं, म्हणून तो मान डावीकडे कलती ठेवून चालवायचा. तीस वर्षांत ती सवय हाडीमाशी भिनली. गाडी बंद पडली, सोळा वर्षं दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली, तरी दादाची मान कलती ती कलतीच. खुर्चीत बसला तरी डोक्यावर छत असल्यासारखा बसायचा.

मग त्याच्या डोळ्यांचं निघालं. एक डोळा जवळजवळ गेलाच होता, दुसऱ्याचं काही खरं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सध्या दिवसाउजेडी मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला हरकत नाही, पण आठ महिन्यांनी पुन्हा बघू, आणि तेव्हा मी हो म्हणेन असं धरून चालू नका. दादाने ते नीट ऐकून घेतलं. दुकानात येऊन चहा घेतला. अर्धा चहा झाल्यावर म्हणाला, "निळी तेवढी एकदा चालवायची राहिली, चिमे." आणि लगेच साखर कमी पडलीय म्हणाला. चहात साखर नेहमीइतकीच होती. मास्तरांनी हातातलं काज तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेली.

गॅरेजवाला आडदांड, मऊ मनाचा आणि जन्मात कुणाला नाही म्हणू न शकलेला माणूस. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, होऊन जाईल. मास्तरांनी चौथ्या दिवशी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. इंजिनाला त्याचा हात खरंच चांगला होता. सोळा वर्षं मुकं पडलेलं इंजिन त्याने पाच आठवड्यांत बोलतं केलं. पण इंजिन सोडलं तर बाकी सगळी बोंब. अकरा गाड्या अंगावर घेतलेल्या, एकीचा पाना दुसरीत आणि दुसरीचा नट तिसरीत.

तिसऱ्या महिन्यात रंग झाल्याचा निरोप आला. गाडी आकाशासारखी निळी चमकत होती. होऊनजाईल हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभा. मास्तरांनी पर्समधून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं ते, टाचणीच्या डबीइतकं. त्यांनी ते बॉनेटला लावलं, चिकटलं. छताला लावलं, चिकटलं. दाराच्या खालच्या अंगाला लावलं, तर टपकन खाली पडलं. दुसऱ्या दारालाही तेच. गंजून भोकं पडलेल्या पत्र्यात पुट्टी थापून वरून रंग मारलेला होता. बडा घर पोकळ वासा म्हणतात तसं. मास्तरांनी आवाज चढवला नाही. शिवण चुकलेल्या शिकाऊ मुलींना सांगतात तेवढंच सांगितलं.

"उसवा. पुन्हा करा."

त्या दिवसापासून मास्तरांचं एक स्टूल गॅरेजमध्ये आलं. रोज दहा ते बारा त्या तिथे बसायच्या, मांडीवर हेमिंगचं काम आणि डोळे गाडीवर. तरीही पहिले पाढे पंचावन्न. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, तर दारं गाडी जॅकवर तिरकी असतानाच बसवली. गाडी खाली उतरवल्यावर मागचं दार गुडघा मारल्याशिवाय लागेना. वायरिंग झालं, तर डावीकडचा दिवा लावला की हॉर्न वाजायचा. एकदा डबीत सात स्क्रू उरलेले दिसले. होऊनजाईल म्हणाला, त्यांच्यावाचून काही अडलं नाही, इंजिन चालतंय की. मास्तर म्हणाल्या, पँट शिवून झाल्यावर माझ्याकडे हूक उरला तर तुम्ही ती घालून बाजारात जाल का? त्यावर सगळं गॅरेज हसलं, होऊनजाईल सगळ्यात जास्त, आणि सातही स्क्रूंच्या जागा शोधण्यात दोन दिवस गेले.

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट सातव्या महिन्यात झाली. पहिल्यांदाच गाडी अंगणात फिरवून बघत होते. होऊनजाईलने ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी सावकाश जाऊन जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. ब्रेकच्या नळीचा एक नट हातानेच फिरवून तसाच सोडला होता, पाना लावायचा राहून गेला होता. कुणाला खरचटलंही नाही. पण मास्तरांनी मांडीवरचं हेमिंग गुंडाळून बाजूला ठेवलं. रस्त्यावर दादा असता तर, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. होऊनजाईल समोर खाली मान घालून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याने ‘होऊन जाईल’ म्हटलं नाही.

मास्तरांनी त्याला कापडावर खुणा करायचा खडू दिला. नट आवळला की त्यावर रेघ मारायची, रेघ नाही म्हणजे नट आवळलेला नाही. होऊनजाईलने पूर्ण गाडी पुन्हा खोलली. इतर दहा गाड्यांच्या मालकांना त्याने त्या महिन्यात चक्क नाही म्हटलं, आणि आठवड्याभरात गाडीच्या पोटाखाली पांढऱ्या रेघाच रेघा झाल्या. मास्तरांनी स्वतः खाली सतरंजी टाकून, पाठीवर झोपून त्या बघितल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. उठताना दोघांनी धरावं लागलं.

एक काम मात्र त्यांनी कुणाला करू दिलं नाही. गॅरेजच्या माणसाने ड्रायव्हरची सीट केली होती, तिचा स्पंज पापडासारखा आणि रेक्झिनच्या शिवणी वाकड्या. मास्तरांनी ती सीट दुकानात नेली आणि दार लोटून घेतलं. मापांच्या सगळ्यात जुन्या वहीत दादाचं पान होतं. खांद्यापासून कंबर, मांडी, गुडघा, पाय, हाताची लांबी, सगळं पाठ होतं तरी त्यांनी पान उघडून ठेवलं. तीस वर्षं माणूस मान वाकडी करून बसला, आता एकदा तरी ताठ मानेने बसू दे, म्हणून त्यांनी बैठक चार बोटं खाली घेतली. पाय लांब पसरता यावेत म्हणून सीट मागे घेऊन बोल्ट पक्के करायला लावले. कडेने दुहेरी टीप, पांढरं पायपिंग. उलटी करून बघावं अशी सीट झाली. बघणाऱ्यांनी बघितली आणि बोटं तोंडात घातली.

दादाला माप द्यायला बोलवावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आता खरं सांगायचं, तर आलं होतं. बारा वर्षांत दादाने त्यांच्याकडून शर्ट शिवून घेतला नव्हता, कपाट भरलंय म्हणायचा. जुने शर्ट त्याच्या अंगावर लोंबायला लागले होते. मास्तरांना ते दिसत होतं, आणि कापड धुऊन धुऊन सैल पडतं, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं होतं. कुठलं कापड किती धुतल्यावर किती सैल होतं, हे त्या भागात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण दादाची मान अजून कलती होती ना. छताला टेकणारा माणूस, तो कसला उतरतोय.

सोमवारी डॉक्टरांची तपासणी होती. रविवारी सकाळी होऊनजाईल गाडी घेऊन दुकानासमोर आला. दारं बोटाने लागत होती, ब्रेक जागच्या जागी लागत होते. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, डोळ्यांपेक्षा हाताने जास्त बघितलं, आणि दार उघडून आत बसला.

आणि दिसेनासाच झाला.

म्हणजे डोक्याचा शेंडा तेवढा दिसत होता. समोर काचेतून रस्ता दिसायला हवा, तिथे दादाच्या डोळ्यांपुढे स्टिअरिंगचं चाक. हात कसेबसे पोचले. पाय क्लचपर्यंत न्यायला तो घसरत खाली गेला, तेव्हा शेंडाही गेला. मान मात्र डावीकडे कलतीच होती. डोक्यावर वीतभर जागा मोकळी होती आणि तो नसलेल्या छताला चुकवत बसला होता. त्याने दोनदा वर सरकून बघितलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "छान झालीय गं सीट."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आठ महिने त्यांनी गॅरेजमधलं एकेक कुसळ वेचलं होतं आणि मुसळ दुकानात स्वतःच्या हाताने शिवलं होतं. जे एका टेपने दोन मिनिटांत कळलं असतं ते कळून घ्यायला त्या घाबरल्या होत्या. दादा म्हातारा झाला होता, लहान झाला होता, आणि उद्या डॉक्टर नाही म्हणणार होते. त्या फुटपाथवर तशाच उभ्या राहिल्या. होऊनजाईलने आता चार शब्द ऐकवले असते, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला,

"उसवू या, मास्तर."

त्याने पाना काढला. मास्तर दुकानात गेल्या, गळ्यात टेप घालून आल्या आणि दादाला म्हणाल्या, हात बाजूला घेऊन उभा राहा. दादा उभा राहिला. त्यांनी खांद्याला टेप लावला आणि त्यांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. दादा समोर बघत म्हणाला, "माझ्या लक्षात आलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून शर्ट टाकत नव्हतो."

"मला मेलीला दिसत होतं," मास्तर म्हणाल्या. "हलू नकोस."

वहीत जुन्या मापाशेजारी नवं माप लिहिलं गेलं. उंचीत तीन इंच कमी, खांद्यात दीड. दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर सीट उलटी पडली होती. मास्तर दुहेरी टिपा उसवत होत्या, इस्त्रीवाल्याने घरची गादी आणून दिली होती, होऊनजाईल गाडीत डोकं घालून बोल्ट पुढे घेत होता आणि प्रत्येकावर रेघ मारत होता. दादा स्टुलावर बसून शेंगदाणे खात सूचना करत होता, त्या कुणी ऐकत नव्हतं. पायपिंग लावायला वेळ नव्हता. शिवण एका ठिकाणी वाकडी गेली, मास्तरांना ती दिसली आणि त्यांनी ती तशीच ठेवली.

तीन वाजता दादा पुन्हा बसला. रस्ता दिसला, क्लच दाबला गेला. मास्तर शेजारी बसल्या, मागे होऊनजाईल, त्याचे गुडघे हनुवटीला. बाहेरच्या लांब, सरळ रस्त्याने दादाने गाडी नेली, जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. वेग असा, की मागून हॉर्न वाजायला लागले. दादाने काचेबाहेर हात काढून दाखवला, दमानं घ्या. डावीकडे वळताना त्याने दिवा लावला, तर हॉर्न वाजला. मास्तरांनी सावकाश मागे वळून बघितलं. होऊनजाईल खिडकीबाहेर झाडं बघत होता.

सोमवारी डॉक्टर नाहीच म्हणाले. दादाने चावी मास्तरांच्या टेबलावर, खडूच्या डबीत ठेवली. चहा घेतला. साखर बरोबर आहे म्हणाला. मग जरा वेळाने मानेला हात लावत, ती सरळ करून बघत म्हणाला, "चिमे, एक शर्ट शीव मला. नव्या मापाचा."

मास्तरांनी वही उघडली, टेप गळ्यातून काढला आणि त्याला उभं राहायला सांगितलं. कालचं माप वहीत होतं. तरी त्यांनी ते पुन्हा घेतलं.