मास्तरांचा पुढचा दात

दिनांक ६ ऑक्टोबर, सोमवार. रुपये दोन हजार सहाशे पन्नास. टेलरमास्तरांनी नोटा मोजून दातांच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या, पावतीची चौकोनी घडी घालून खिशात टाकली आणि आरशात आपला वरचा पुढचा दात पुन्हा एकदा पाहिला. सकाळपर्यंत त्या दाताची कड झिजलेली होती आणि तिच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. आता ती खाच नेमकी कुठे होती, हे डॉक्टरांनाही बोट ठेवून सांगता आलं नसतं.

"गॅरंटी?" मास्तरांनी विचारलं.

"वर्षभर. तुटला तर फुकट करून देईन."

"आणि पंचवीस तारखेपर्यंत?"

"तोवर काय होतंय त्याला!"

पंचवीस तारखेचं कारण असं, की मास्तरांच्या दुकानाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. आता दुकान मुलगी बघायची. तिने नवी पाटी करायला घेतली होती. पाटीवर बाप-लेकीचा फोटो आणि फोटोत बाबा हसलेले पाहिजेत, असा तिचा हट्ट. मास्तर विनोदी माणूस, पण हसू आलं की मोजपट्टी धरलेला हात तोंडावर जायचा. त्यांचं मोकळं हसू मुलीनेसुद्धा पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना दात दुरुस्त करायला लागून सव्वीस वर्षं झाली होती. हात हलका, जीभ त्याहून हलकी. खुर्चीत बसलेल्याला ते आधी खिडकीकडे वळवत आणि ओल्या दातापाशी रंगाची पट्टी धरून रंग ठरवत. दात थोडा वेळ उघडा राहिला की सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसतो. तेव्हा रंग निवडणाऱ्याची फसगत ठरलेली. ही चूक त्यांनी पहिल्या वर्षी एकदाच केली होती, तीही सख्ख्या मेव्हणीच्या दातावर, त्यामुळे ती विसरायची सोय नव्हती. हल्ली पोरं मोबाईलमध्ये कुणाचेतरी दात घेऊन येत आणि म्हणत, अस्से पांढरे करा. डॉक्टर विचारत, "दात हवेत की वॉशबेसिन?" चांगलं काम तेच, जे केलंय हे कळत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांचा स्वतःचा खालचा एक दात जन्माचा वाकडा होता आणि त्याला हात लावायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. बायको म्हणायची, "लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही. आमचं घर सव्वीस वर्षं त्यावरच चाललंय."

शनिवारी, अकरा तारखेला, मास्तर तोंडावर हात ठेवून दारात उभे.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर विचारलं.

"पाव. तोही चहात बुडवून!"

दाताचा कोपरा उडाला होता. डॉक्टरांनी निमूट नवं मटेरियल चढवलं, ते कडक व्हायला निळा दिवा धरला, घासून गुळगुळीत केलं. पैसे नाहीत. सोमवारी, वीस तारखेला, मास्तर पुन्हा हजर. तोच दात, तोच कोपरा. या वेळी बरोबर त्यांची बायकोही होती.

आता डॉक्टरांचं डोकं तापलं. त्यांनी दातांत निळा कागद धरून चावायला लावलं, खालचा दात कुठे आपटतोय ते पाहिलं. कुठेच आपटत नव्हता. त्यांनी मास्तरांच्या बायकोला विचारलं, "वहिनी, हे झोपेत दात खातात का हो?"

"झोपेत घोरतात," वहिनी म्हणाल्या. "दात खातात ते जागेपणी, माझ्यावर."

खुर्चीत आ वासून पडलेल्या मास्तरांनी घशातून निषेध नोंदवला. कामाला मदत करणाऱ्या ताईंनी हसू लपवायला पाठ फिरवली.

दात तिसऱ्यांदा उभा राहिला. पण त्या रात्री डॉक्टरांना जेवण गेलं नाही. "शनिवारी फोटो आहे. त्या आधी पुन्हा तुटला, तर हा माणूस जन्मभर तोंडावर हात ठेवून हसेल. सव्वीस वर्षांत असं झालं नाही गं."

"आधी जेवा," बायको म्हणाली, "आणि उद्या त्यांच्याकडेच ॲप्रन शिवायला टाका. तुमच्या ॲप्रनला तीन बटणं उरलीत. पेशंटला वाटतं, डॉक्टरच उसवलाय."

मंगळवारी दुपारी डॉक्टर मापं द्यायला गेले. दुकान अरुंद, दोन मशिनं, भिंतीला टांगलेले कागदी खाके, काचेच्या बरणीत बटणं. मुलीने त्यांना स्टुलावर बसवलं. मास्तर एका कोटाला बटण लावत होते. चार टाके, दोन वेढे, गाठ. मग मान किंचित डावीकडे गेली, दोरा दातांत आला आणि कट्!

कात्री त्यांच्या गुडघ्यापाशीच होती.

डॉक्टर स्टुलावरच पुढे झुकले. दुसरं बटण. कट्! तिसरं. कट्!

"मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाले, "दोरा कशाने तोडता?"

"कात्रीने. दुसरं कशाने तोडणार?"

"दाताने नाही?"

"मी? दाताने? छे, छे! शिकाऊ पोरं तोडतात तसलं. मी हजारदा ओरडलोय त्यांच्यावर."

"बाबा," मुलगी म्हणाली, "ओठाला दोरा चिकटलाय."

मास्तरांनी ओठ चाचपला. निळ्या दोऱ्याचा तुकडा हातात आला. त्याच्याकडे ते असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाच्या तोंडातून निघाला होता.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. काय खाल्लं, काय चावलं, झोपेत काय करता, सगळं त्यांनी विचारलं होतं. धंद्यात दात काय काम करतात, एवढंच विचारायचं राहिलं होतं. आणि ताईंनी पहिल्याच दिवशी केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : व्यवसाय, शिवणकाम. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चाळीस वर्षं दोरा तोडून तोडून पडलेली ती खाच डॉक्टरांनी दोष समजून बुजवली होती. मास्तरांचा दात मात्र रोज तिथेच दोरा बसवायला जात होता.

"आता सोडतो," मास्तर म्हणाले.

"चाळीस वर्षांची सवय चार दिवसांत? कळतच नाही तुम्हाला, तर सोडणार काय?"

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी दातांचा साचा घेतला आणि संध्याकाळी वरच्या दातांवर बसणारं पातळ, पारदर्शक कव्हर तयार केलं. दोरा त्यावरून घसरायचा, तुटायचा नाही. मान डावीकडे जायची, दोरा सटकायचा, मास्तर मनातल्या मनात चरफडायचे आणि कात्री उचलायचे. कव्हरामुळे त्यांचा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा वाजू लागला. "दोन दिवस बाबा गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीयेत," मुलीने फोनवर कळवलं. "कायमचंच द्या ना."

शनिवारी फोटोवाला आला तेव्हा डॉक्टर ॲप्रन न्यायच्या निमित्ताने हजर होते. निमित्तच ते, ॲप्रन सोमवारीही चालला असता. मास्तरांनी कव्हर काढून डबीत ठेवलं, कॉलर नीट केली आणि मुलीशेजारी उभे राहिले.

"हसा काका," फोटोवाला म्हणाला.

मास्तरांनी ओठ फाकवले. दातखीळ बसल्यासारखं दिसलं.

"अहो, हसा म्हटलं, दात दाखवा नाही म्हटलं!"

"तेवढंच तर दुरुस्त केलंय," मास्तर म्हणाले आणि सवयीने हात तोंडावर गेला. मुलीने तो खाली ओढला. पाच फोटो झाले, पाचही वाया.

एवढ्यात मास्तरांची नजर फोटोवाल्याच्या जाकिटावर गेली. एक बटण धाग्यावर लोंबत होतं. "काढ ते," ते म्हणाले. "असलं लोंबतं बटण समोर असताना मला हसू येईल होय?" जाकीट घेऊन उभ्या उभ्याच त्यांनी सुई चालवली. चार टाके, दोन वेढे, गाठ. मान डावीकडे निघाली.

"बाबा!"

"मास्तर!"

"काका!" फोटोवाला उगाचच ओरडला, त्याला काहीच माहीत नव्हतं.

दोरा ओठांपाशी थबकला. मास्तरांनी तिघांची तोंडं पाहिली. डॉक्टरांचा चेहरा तर पांढराफटक पडला होता, पट्टीवर न सापडणाऱ्या रंगाचा. मास्तरांनी सावकाश कात्री उचलली, दोरा कापला आणि मग खदखदून हसले. एका हातात जाकीट, दुसऱ्यात कात्री. तोंडावर न्यायला हात शिल्लकच नव्हता. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली आणि मग तीही हसली. फोटोवाल्याने शर्टाच्या बाह्या सारून बटण दाबलं.

पाटीवर तोच फोटो आहे. दात अजून शाबूत आहे, आणि कुठला दात केलेला आहे ते सांगून दाखवा, असं डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असतात.

ॲप्रनची शिलाई चारशे सत्तर रुपये झाली. त्या दिवशी डॉक्टरांच्या खिशात साडेचारशेच निघाले. वीस रुपये द्यायचे आहेत.