जांभळ्या झाकणाची नळी

"पोटॅशियम आठच्या वर. कॅल्शियम जवळजवळ नाहीच. हृदय कधीही थांबेल," माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. मी समोर बसून ऐकत होते, म्हणजे तूर्त तरी ते चालू होतं.

पायांना सूज आणि थकवा, एवढ्यावर मी सोलापुरातल्या त्या काचेच्या हॉस्पिटलात गेले होते. दारातच पाटी: 'संपूर्ण स्वयंचलित प्रयोगशाळा'. आता लगेच आयसीयू, मानेतून नळी आणि डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन काढणं. फक्त माझी सही हवी होती.

ईसीजी काढला. हृदयाच्या ठोक्यांचा तो आलेख अगदी शहाण्यासारखा आला.

"थांबायचं आहे हे हृदयाला कळवलंय का?" मी विचारलं.

"अगं, सही कर की! हितं वाद घालायला आलोय का?" आमचे हे घामाघूम झाले होते.

"मानेत नंतर. आधी हातातून पुन्हा रक्त घ्या. तोवर मी मॉनिटर लावून इथंच पडते."

"मॅडम, मशीन चुकत नाही."

"मशीनला रक्त कोणी दिलं?"

रक्त घ्यायला सकाळचीच मुलगी आली, वळसंगची शबाना. आकडे वाचून तिचा चेहरा उतरला. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं.

"सर, चूक माझी हाय. मावशींची शीर घावंना. पोटॅशियम-कॅल्शियमच्या पिवळ्या नळीत रक्त कमी पडलं, म्हणून दुसऱ्या तपासणीच्या जांभळीतलं थोडं ओतलं."

जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं रसायन. ते पोटॅशियमचा क्षार म्हणून घातलेलं असतं, शिवाय कॅल्शियमला पकडून ठेवतं. यंत्रानं नळीतलं औषध इमानदारीनं मोजलं आणि माझ्या नावावर लिहिलं.

नव्या रक्तात दोन्ही आकडे ठीक निघाले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कितपत काम करते ते सांगणारा आकडा, दोन्ही वेळा थोडा जास्त होता. तेवढा आजार माझा. त्याच्या गोळ्या घेते, मीठ कमी केलंय, शेंगाचटणीकडे लांबूनच बघते.

डॉक्टर शबानावर ओरडू लागले, तेव्हा मी पुन्हा आडवी आले. "हिला काढलंत तर पुढची गप्प बसेल. आणि समोर माझ्याइतकी भांडखोर बाई नसेल."

ईसीजी बिघडला असता, तर मी मुकाट सही केली असती. पण कागद आणि माणूस जुळत नसतील, तर पुन्हा रक्त घ्यायला सांगा. लाजू नका.

शबाना तिथंच आहे. रक्त कमी पडलं तर आता ती दुसऱ्यांदा टोचते. चांगलंच दुखतं. मी आभार मानते.