दोन कृष्णविवरांची शोकसभा

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला एकशे चाळीस माणसं रडायला आली होती. यातली शंभर मी पदरची घातली आहेत, हे कबूल. पण उरलेली चाळीस खरी, आणि त्यांच्या टोप्या पांढऱ्याशुभ्र होत्या हेही खरं.

मी नांदेडला सात वर्षं एकच काम केलं. आकाशात कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असतात. फिरता फिरता जवळ येतात, वेग वाढत जातो आणि शेवटी धडकून त्यांचं एकच होतं. त्या धडकेनं खुद्द अवकाशालाच लाट सुटते. ती आपल्यापर्यंत पोचायला शंभर-शंभर कोटी वर्षं लागतात, आणि पोचते तेव्हा इतकी बारीक झालेली असते की माझ्या बिलोलीच्या चुलत्यानं शिक्षणासाठी कबूल केलेली मदतसुद्धा तिच्यापुढं धष्टपुष्ट वाटावी. ही लाट कशी दिसेल ते आधीच गणितानं काढून ठेवायचं. एकाचं वजन एवढं, दुसऱ्याचं तेवढं, गिरक्या अशा, तर लाटेचा आकार असा. त्याला आम्ही साचा म्हणतो. मग यंत्रातून अखंड येणाऱ्या कोलाहलावर एकेक साचा ठेवून बघायचं, एखादा बसतो का. माझ्याकडं लाखभर साचे होते. नातेवाइकांना यातलं एवढंच कळलं होतं की शेजारच्या जिल्ह्यात असलं एक यंत्र बसणार आहे. तेव्हापासून अर्धा बिलोली तालुका मला त्या यंत्राची तहसीलदार समजून पोरांचे बायोडेटा पाठवून राहिला होता.

अडचण एकच होती. माझे मार्गदर्शक सर निवृत्त होत होते, आणि परीक्षेची तारीख मिळाली ती त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची. त्या दिवशी परीक्षा हुकली की नवा मार्गदर्शक, नवे अर्ज, नव्या सह्या, आणि माझी सात वर्षं पुन्हा बालवाडीत. सरांनी बजावून ठेवलं होतं, "भूकंप झाला तरी टेबल धरून उत्तरं द्यायची."

सरांनी भूकंपाचा विचार केला होता. माझ्या मामांचा केला नव्हता.

मामा लातूरला डाळमिलमध्ये फिटर. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्याच घरी काढली. मिलमध्ये सगळी यंत्रं धडधडत असताना मामा तिथूनच मामीला विचारायचे, "भाजी काय केलीस?" आणि दोन गल्ल्या पलीकडून मामी सांगायच्या, "वांगी!" फोन त्यांनी घेतला तो केवळ लोकांचा मान राखायला.

आमच्याकडं पीएच.डी.ची तोंडी परीक्षा म्हणजे अर्धं लग्नच असतं. फेटे, शाली, पंगत आणि गेटवर फ्लेक्स. सगळा इंतजाम मामांनी अंगावर घेतला. आठ दिवस आधी त्यांचा फोन आला, तेव्हा मी प्रबंधातल्या आकृत्या नीट करण्यात बुडालेली होते.

"पोरी, फ्लेक्सवर तुझ्या विषयाचं काहीतरी पाहिजे. त्या दोघांचं काय झालं म्हणालीस?"

"मामा, कोट्यवधी वर्षं एकमेकांभोवती फिरले, आणि धडकले."

"आरारा. मंग?"

"मग काय, दोघंही संपले."

"दोघं बी? आन् कवा झालं हे?"

"शंभर कोटी वर्षांपूर्वी. आपल्याला आत्ता कळलं."

पलीकडं बराच वेळ शांतता. मामांच्या बाजूनं शांतता म्हणजे मला वाटलं नेटवर्क गेलं. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "बरं. बघतो मी." मी फोन ठेवला आणि परत आकृत्यांत शिरले.

परीक्षेच्या सकाळी विष्णुपुरीच्या रस्त्यानं आमच्या विभागाच्या गेटवर पोचले, तर समोर दहा फुटी फ्लेक्स. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली हार घातलेल्या दोन चौकटी, आणि चौकटींत दोन काळे गोल. त्याखाली 'शोकाकुल' म्हणून फोटोंची रांग. मधोमध मी, गॉगल लावून. माझ्या उजवीकडं सर, आणि ते छापताना उलटे झालेले, डोकं खाली. आत झाडाखाली सतरंज्या अंथरलेल्या, आणि त्यांवर लातूरची नि बिलोलीची माझी सगळी माणसं मान खाली घालून बसलेली. बायकांनी तोंडाला पदर लावलेले.

"मामा! हे काय?"

"हळू बोल माय, मयतीचं हाय."

"कुणाची मयत?"

"आता तूच सांगितलंस की! दोघं बी एकदमच गेले म्हून. बातमी उशिरा कळली तरी बसायला तर यावं लागतंय ना? सुतक न्हाई लागत, मी गुरुजींना विचारलं. शंभर कोटी वर्षांचं म्हणल्यावर त्यांनी जरा येळ घेतला, पर निस्त्या अंघोळीवर भागतंय म्हणाले."

"आणि फ्लेक्स?"

"फ्लेक्सवाल्याकडं तीनच डिझाइनी हायत. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. म्हणला, यांच्यात काय बसतंय ते बघा. वाढदिवस बसंना. फोटो काळेच निघाले म्हणला, चालतंय का? मी म्हणलं, असेच होते ते."

मी फ्लेक्सकडं धावले, दोरी सोडायला. तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक ऑटोतून आले. हा गृहस्थ इतका काटेकोर की त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीवर केळं कापता आलं असतं. त्यांनी फ्लेक्स वाचला. आतली पांढरी माणसं बघितली. ऑटोतूनच सरांना फोन लावला. "आपल्या दुःखात सहभागी आहे. आज परीक्षा घेणं माणुसकीला धरून होणार नाही. पुढं केव्हातरी बघू." आणि ऑटो वळली.

सर दारातून फोन हातात धरून बाहेर आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, तिसरी चौकट करावी लागते की काय.

मी ऑटोमागं पळाले. मी ओरडले ते ऑटोला ऐकू गेलं नाही. मग मामांनी हाक मारली.

"साहेऽऽब!"

त्या हाकेनं ऑटो जागच्या जागी थांबली, तिच्या पुढची एसटी थांबली, आणि गोदावरीचं पाणी क्षणभर विचारात पडलं असं लोक अजून सांगतात. मामा चालत ऑटोजवळ गेले आणि हात जोडून म्हणाले, "दुःखाच्या दारावरून बसल्याबिगर माघारी जात न्हाईत साहेब. तुमच्याकडं काय रीत हाय मला ठाव न्हाई. दोन मिनिटं टेका."

आता रीत म्हटल्यावर परीक्षकांचा इलाज खुंटला. उतरले, येऊन सतरंजीवर बसले. चहा आला. दोन मिनिटांनी मामा खाकरले, "आता बसलाच हाव साहेब, तर घ्या की पोरीची परीक्षा. खामखा दिवस कशाला घालवायचा?"

परीक्षकांनी सरांकडं बघितलं, सरांनी हातातल्या घड्याळाकडं. "घ्या," सर म्हणाले. "जे गेले ते तिच्या प्रबंधातले आहेत. मी आत सगळं सांगतो."

परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. सगळी शोकसभा सतरंज्यांसकट आमच्या व्याख्यान-खोलीत आली. वाटेत मामांनी परीक्षकांना फ्लेक्सवाल्याच्या तीन डिझाइनींसकट सगळी हकीगत ऐकवली. मी पडद्यावर आकृत्या दाखवल्या. धडकेची आकृती आली तेव्हा मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला.

मग परीक्षकांनी चष्मा पुसला. "मॅडम, तुमच्याकडं लाखभर साचे आहेत. एवढे साचे कोलाहलावर ठेवून बघितले तर कुठला ना कुठला बसणारच. तुमच्या मामांना तिनांत एक बसला. मग ही लाट खरी आहे, हे कशावरून?"

सात वर्षांचं गणित कुठं गेलं कुणास ठाऊक. समोर फक्त तो फ्लेक्स दिसत होता.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही आज एकाच फ्लेक्सवर विश्वास ठेवून परत निघालात. आम्ही तसं करत नाही. एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब दोन वेगळी यंत्रं असतात. दोन्हींत तोच साचा, जवळजवळ त्याच क्षणी बसला, तरच पुढं विचार करायचा."

परीक्षकांनी मान हलवली. सरांनी श्वास सोडला.

"दुसरा बी हाय की!" मामा उभे राहिले. "लातूर रोडच्या फाट्यावर! सेम टू सेम. दोन्ही बरोब्बर सातला बांधले. फोनात फोटो हाय."

परीक्षक पहिल्यांदा हसले. "दोन ठिकाणी, एकाच वेळी, एकच साचा. म्हणजे मयत खरी. बोला मॅडम."

मी मामांचा फोन मागितला. तो मागच्या रांगेतून माझ्याकडं येईपर्यंत चाळीस जणांनी फोटो बघून हळहळ व्यक्त केली. मी पाहिलं. फाट्यावरच्या फ्लेक्सवरही सर उलटेच होते.

"सर, दोन्हींत दोष एकच आहे. म्हणजे हे दोन साक्षीदार नाहीत. एकाच फ्लेक्सवाल्यानं, एकाच मामांच्या सांगण्यावरून छापलेली ही एकच साक्ष आहे. दोन यंत्रांत सामाईक कोलाहल शिरला तर असंच होतं." आणि मग मला थांबायला हवं होतं, पण तोंड चालूच राहिलं. "योगायोग किती वेळा होईल ते आम्ही काढतो. एका यंत्राची नोंद मुद्दाम मागंपुढं सरकवून, तरीही साचे किती वेळा जुळतात ते मोजतो. पण सामाईक कोलाहल त्यात पकडला जात नाही. त्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही."

सरांनी डोळे मिटले. निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थिनीनं स्वतःच्या प्रबंधाला स्वतः भोक पाडलं होतं.

परीक्षक बराच वेळ लिहीत होते. मग कागद सरांपुढं सरकवला. पदवी द्यावी. सामाईक कोलाहलावर पाच पानांची पुरवणी आधी जोडावी. "आपल्या कामात काय नाही, हे न विचारता सांगणारे फार कमी भेटतात," ते म्हणाले, आणि सही केली. सरांनीही केली.

सरांनी निकाल जाहीर केला, पण टाळी एकही पडली नाही. दुःखाच्या ठिकाणी टाळ्या वाजवतात होय? सगळे रांगेनं उठले, एकेकानं माझ्यापुढं हात जोडले आणि बाहेर गेले. शेवटी मामी आल्या. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई सोसलंस माय. सुटलीस आता."

आणि मग मी अशी काही रडायला लागले, की पाणी आणायला खुद्द परीक्षक साहेब पळाले.