रिपोर्ट घ्यायला आलेली भाऊकी

लग्न ठरताना मी एकच अट घातली, की मुलाने एचआयव्हीची तपासणी करायची. मुलाच्या घरच्यांनी जमीन गोदामांना देऊन ट्रक घेतले होते आणि मुलगा स्वतः सुरत-इंदूरच्या फेऱ्या मारायचा. मी वळ गावातल्या एका गोदामात चलनं लिहायचे, त्यामुळे ड्रायव्हर लोकांच्या गप्पा रोज कानावर पडायच्या. वडिलांनी कपाळाला हात लावला. "जमलेलं लगीन मोडशील."

मोडलं नाही. उलट मुलाच्या काकांनी निरोप धाडला, पोरीचीपण करा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लग्नाचं कुठलंही काम दोघांनीच उरकायची आमच्याकडे पद्धत नाही. ठरल्या दिवशी सरकारी दवाखान्यापुढे दोन सुमो थांबल्या आणि भाऊकीतले अकरा जण उतरले, त्यात चार बायका काठापदराच्या साड्यांत. आम्ही रक्त देऊन निकालाची वाट बघत बसलो, तर काकींनी सगळ्या बाकांवर पेढे वाटले. शेजारचा खोकणारा म्हातारा दोनदा घेऊन गेला.

समुपदेशक बाई म्हणाल्या, निकाल ज्याचा त्यालाच सांगणार, एकेकट्याला आत बोलावून.

"आमचे घरान पयलं मोठ्यांना सांगतान," काका म्हणाले. "सुपारी मी फोडली हाय, पाकीटपण मीच फोडनार."

"तुमची तपासणी करा, तुमचं पाकीट तुम्हाला देते," बाई म्हणाल्या. काका तडक जाऊन सुमोत बसले.

सगळ्यांबरोबर मीही हसले. निजामपुऱ्यात टायपिंगच्या क्लासला जायचे तेव्हा एक जण होता. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलावर संशय घेताना मला तो एकदाही आठवला नव्हता, आणि आता दुसरं काही आठवत नव्हतं. मी भयंकर घाबरले होते.

दोघांचेही निकाल निगेटिव्ह आले. व्हरांड्यात मुलाने आपला कागद माझ्या हातात दिला. मी तो पार शिक्क्यापर्यंत वाचला आणि मग माझा पुढे केला.

"नको," तो म्हणाला. "मी कुठं मागितला होता? काकांनी मागितला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच उभ्या उभ्या मी त्याला क्लासचं सगळं सांगून टाकलं. तो सुमोकडे बघत हळूच म्हणाला, "हे काकांना सांगू नको."