मामांनी चालून दिलेला वेळ

"तुझ्याच विमानतळावर विमान बदलायचंय रे. मध्ये चाळीस मिनिटं आहेत म्हणे. पुरतील ना?"

मामांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, फोनवर विचारले. तिचे हृदय नाजूक. एक जिना चढतानाही तिला मध्येच टेकावे लागे. आणि ती चाळीस मिनिटे खुद्द मामांनीच ठरवून दिलेली होती.

चाकांच्या खुर्च्या ढकलण्यात त्यांची हयात गेली. अख्खा विमानतळ त्यांना मामा म्हणे. एका विमानातून उतरून दुसरे गाठायला प्रवाशाला निदान किती अवधी द्यावा, हे मध्यंतरी नव्याने ठरवायचे होते. त्याहून कमी अवधीचे तिकीट संगणक विकत नाही. साहेबांनी मामांनाच चालून दाखवायला सांगितले. "जमेल ना मामा, की खुर्चीत बसवून आणू?" झाले, मामा इरेला पेटले. तपासणीला ही लांबलचक रांग. पण पहारेकऱ्याने रांगेची दोरी वर केली. "तुमचं काय तपासायचं? सुटा." मामा हसत सुटले. साहेबांनी पाठ थोपटली, आणि तासाची चाळीस मिनिटे झाली.

तेव्हापासून लांब मार्गिकेत माणसे धावू लागली. दोरी दुसऱ्या कुणासाठी वर होत नव्हती. अखेर मामा साहेबांकडे गेले. "माझी तपासणी झालीच नव्हती, साहेब."

"आता सांगताय?" साहेबांनी मानही वर केली नाही. "तिकिटं केव्हाच विकली गेली."

आता त्यांतलेच एक ताईच्या हाती होते.

"दुसरं तिकीट काढ, ताई."

"का? घरभर तूच मिरवत होतास ना, आरामात जमतं म्हणून?"

दोरीची गोष्ट मामांनी गिळून टाकली. "जमतं गं. पण खुर्ची तरी सांगून ठेव."

"मी काय म्हातारी झाले? तुझ्याहून चारच वर्षांनी तर मोठी." तिने फोन ठेवला.

ठरल्या दिवशी तिचे विमान उशिरा उतरले, तेही पार टोकाच्या दाराशी. रिकामी खुर्ची ढकलत मामा गर्दीविरुद्ध निघाले. मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला ती दिसली: खांद्याला पिशवी, एक हात छातीवर, पावले भरभर.

"थांब, ताई! बस तिथेच!"

धावत्या पायांच्या आवाजात शब्द विरून गेले. भावाचा हलणारा हात तेवढा तिला दिसला. तो घाई करायला सांगतो आहे असे समजून ती ओळखीचे हसली, आणि धावू लागली.