आपाचा बेशुद्ध पेशंट

आमच्या शेजारच्या आपाशी ज्याची ओळख आहे तो माणूस पूर्णपणे निरोगी असूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः सहासष्ट वर्षांचा, शाळेतून निवृत्त झालेला, सकाळी वैनगंगेच्या रस्त्यानं तीन किलोमीटर चालणारा गृहस्थ. पण आपा फाटकातून आत आली की मला उगाचच आपली जीभ दाखवावीशी वाटते. ती ‘नमस्कार गुरुजी’ म्हणते तेव्हा तिची नजर माझ्या तोंडावर नसतेच मुळी, ती असते नखांवर. लग्नात नवरीला आशीर्वाद देताना ही बाई अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघते आणि मगच अक्षता टाकते. ईदला शीरखुर्मा हवा असेल तर आधी नळावर रांगेत उभं राहून, बोटांच्या बेचक्यांसकट, कोपरापर्यंत हात धुवायचे. मी तिला चौथीत शिकवलं, तेव्हा तिची नखं मी तपासायचो. त्याचा ती आजतागायत सूड घेते आहे.

ब्रह्मपुरीच्या बाजारात एकदा मी तिच्यासोबत होतो. मासे विकणाऱ्या बाईसमोर आपा बसली, एका हातानं माशाचा कल्ला उघडला आणि दुसऱ्या हातानं त्या बाईची पापणी. म्हणाली, “मासा लालभडक हाय अन् तुहा डोळा पांढराफट्ट! अवं, मासाच तुह्यापेक्षा ताजा हाय. गोळ्या काऊन नाई घेत?” ती बाई आधी भडकली, मग हसली, आणि पुढल्या सोमवारी खरंच दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आली. आता आपाला मासे तोलताना ती एक जास्तीचा टाकते.

धानोऱ्याकडच्या एका उपकेंद्रात आपानं वीस वर्षं नर्सची नोकरी केली. गावोगाव फिरली, बाळंतपणं केली, गोंडीत रागवायला शिकली. पण तिला एक सल होता. “अवघड बाई असली का जीपमंदी टाकून मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागते, गुरुजी. जीप गेली का माह्यं काम संपलं. पुढं तिचं काय झालं, मले कोनी सांगत नाई. मले तिकडच्या वार्डात राह्यचं हाय.” त्यासाठी मोठा कोर्स लागत होता, तीन वर्षांचा. तर पंचेचाळिसाव्या वर्षी ही बाई रजा काढून गडचिरोलीला शिकायला गेली! पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळ्या पोरी मॅडम आल्या समजून उभ्या राहिल्या. आपानं त्यांना बसवलं आणि खऱ्या मॅडम येईपर्यंत हात धुण्यावर भाषण दिलं.

लेखी परीक्षेची मला धास्ती होती, कारण पुस्तकं इंग्रजी. पण माझा जुना शब्दकोश घेऊन ती भिडली. “हे तं मी रोजच करतो, फक्त याले नाव इतकं मोठं हाय हे मालूम नव्हतं,” असं म्हणत तिनं सगळे पेपर सोडवले. आणि बाप्पा, ती नापास कशात व्हावी? प्रात्यक्षिकात! तेही दोनदा. ज्या हातांनी अर्धा तालुका जगात आणला ते हात नापास. कारण एकच, वेळ. वीस मिनिटांत काम संपायला हवं, आणि आपाचं तोंड चालू असलं की हात थांबतात. तिसरी खेप ही शेवटची होती. हुकली असती तर पुन्हा उपकेंद्र आणि पुन्हा ती जीप.

म्हणून, वर्ग संपवून ती घरी परतल्यावर, मी शिकवणी घ्यायचं ठरवलं. सरावाला बेशुद्ध रुग्ण हवा होता. त्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर न काढता बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तिचा नवरा चौकात गाद्या भरतो. पेशंट म्हणून तो कुचकामी निघाला, कारण पाठीला हात लागताच तो खराखुरा घोरायचा. मग आमच्या ओसरीत, बायकोच्या देखत, रोज संध्याकाळी मी बेशुद्ध पडू लागलो. आपा विचारायची, “गुरुजी, मान अवघडली का?” मी म्हणायचो, “थोडीशी.” बायको आतून ओरडायची, “अहो, बेशुद्ध आहात ना तुम्ही?”

शेवटी मी वैतागलो. मनगटावरचं घड्याळ उशाशी ठेवलं आणि चौथीतल्या आवाजात म्हणालो, “आपा, तोंड बंद. एक अक्षर नाही.” महिनाभर ती मुकाट्यानं सराव करत राहिली. पंचवीसचे अठरा झाले, अठराचे सोळा. मी खूश! फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही: त्या मुक्या हातांनी मला वळवलं की आता पडतो की काय अशी भीती वाटायची.

परीक्षेला तिच्यासोबत मी गेलो, बाहेर कडुनिंबाखाली बसलो. आत काय झालं ते मागून पोरींनी सांगितलं. खाटेवर रबरी पुतळा होता. आपानं गप्प राहून सुरुवात केली. पुतळ्याच्या खांद्याखाली हात घातला आणि तशीच थांबली. हात पुढे जाईना. मग म्हणाली, “भाऊ, तुमाले आता कुशीवर करून राह्यली. मी धरून हावो, भेव नोका.” पोरी फिसकन हसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, “पेशंट बेशुद्ध आहे. त्याला ऐकू येत नाही.” आपानं हात न सोडता विचारलं, “हे त्यानं सांगतलं का जी तुमाले?”

नंतर ती सगळं सांगत सांगतच करत गेली. चादरीचं शेवटचं टोक खोचलं आणि वेळ संपल्याची घंटा झाली. परीक्षक बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. बसमध्ये आपा रडली. “गुरुजी, तुमची शिकवन पान्यात घातली मी.” मला तिच्याकडे बघवेना. पाठ माझी होती, भीती मला ठाऊक होती, आणि तरी महिनाभर मी तिला गप्प बसवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आपा पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा माझ्या बायकोची पापणी बघायलाही विसरली, इतकी आनंदात होती. सहा महिन्यांत वॉर्डातली नोकरी लागली, ती थेट सिरोंच्याला, जिथं निम्मे पेशंट तेलुगू बोलतात. नवरा इथेच आहे, गाद्या भरतो. संध्याकाळी ओसरीत मी नुसता बसतो. जाण्याआधी तिला माझ्या त्या भीतीबद्दल सांगायला हवं होतं, राहून गेलं.

परवा तिचा फोन आला. तिकडच्या सिस्टरकडून दोन वाक्यं लिहून घेतली होती, घाबरू नका, मी इथंच आहे, एवढीच. “ऐका बरं गुरुजी. भयपडकंडी. नेनु इक्कडे उन्नानु. बराबर वाटते का? भेव जाईन का मानसाचं?”

तेलुगूतलं मला ओ की ठो कळत नाही. ऐकू मात्र अगदी स्वच्छ आलं होतं. तरी मी म्हटलं, “आपा, आवाज तुटतोय. पुन्हा एकदा म्हण.”