बोटभर उतार

“वाकडा नाही ताई, उतार दिलाय. पाण्याला वाट नको का?”

थंडोबा शिडीवरून बोलत होता. नाकाला रुमाल लावून भाडेकरीण खाली उभी. एसीची कामं करतो म्हणून गल्लीनं त्याला हे नाव ठेवलेलं, आणि स्वभावालाही ते शोभायचं. कुणी चार शब्द सुनावले तरी ऐकून घेणार, पाना फिरवणार, पिशवी उचलून चालू पडणार.

सकाळी एसीचं झाकण काढलं तर आतला लांबुळका पंखा काळाकुट्ट. पात्यापात्याला बुरशीच्या मिशा फुटलेल्या. बाईनं तीन महिने जाळ्या धुतल्या, अत्तर फवारलं. ओल्या गोणपाटाचा वास काही हटेना. आतल्या खोलीत तिचे सासरे खोकून खोकून अर्धे झाले होते. वरच्या मजल्यावरचा घरमालक म्हणे, तुम्हीच दारं-खिडक्या लावून बसता.

थंडोबानं लेव्हलची पट्टी लावून बघितली. एसी काटेकोर सरळ होता. नळीच्या अंगाला बोटभर कललेला असला की आतलं पाणी निघून जातं. सरळ असला की ट्रेमध्ये डबकं साचतं आणि बुरशीला आयतं माहेर मिळतं. पट्टीतला बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला तसा त्याचा हातही थांबला.

असाच एक एसी त्यानं स्वतःच्या हातानं सरळ केला होता. तोही भाड्याच्याच घरात. बायकोला उन्हाळा सोसायचा नाही म्हणून कुणीतरी टाकलेला एसी त्यानं घरी आणून बसवला, उतार देऊनच. दुसऱ्याच दिवशी ती पडल्यापडल्या म्हणाली, “जगाचं नीट करता आणि आपलाच मेला तिरपा. डोळ्यांना खुपतो बघा.” जन्मात मागून मागून तिनं मागितलं ते एवढंच. त्यानं हसत शिडी लावली. ठाऊक असून लावली. घरातलाच आहे, दर महिन्याला धुऊ म्हणाला. मग हंगाम लागला, लोकांचे धुता धुता घरचा राहिला. दिव्याखाली अंधार. दोन वर्षांत तिचा खोकला छातीत उतरला. बुरशीनंच झालं असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. बुरशीनं झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. ती गेल्यावर त्यानं ते झाकण उघडलं. आत काय दिसलं ते कुणाला सांगितलं नाही.

पंखा धुऊन, भिंतीत नवी भोकं पाडून, एसी कलता बसवून होतोय तोच घरमालक खाली आला. भिंतीकडं बघून म्हणाला, आंधळ्यानं बसवलाय काय? घर माझं आहे, आत्ताच्या आत्ता सरळ कर. बाईचं तोंड उतरलं. ती हळूच म्हणाली, “करा ना दादा सरळ. घर सोडायला सांगितलं तर आबांना घेऊन कुठं जाऊ मी?”

आत म्हाताऱ्याला उबळ आली. थंडोबानं पाना पिशवीत टाकला.

“घर तुमचं, मालक,” थंडोबा म्हणाला. “खोकला यांचा. माझ्या हातानं सरळ होणार नाही.”

“का, हात मोडलेत?”

“एकदा केला होता. बायको गेली माझी.”

घरमालकानं पंखा धुतलेल्या बादलीतल्या काळ्या पाण्याकडं बघितलं. भिंतीचं रूप घालवलं, असं काहीतरी पुटपुटत तो जिना चढून गेला. घर सोडा म्हणाला नाही. राहा, असंही म्हणाला नाही.

थंडोबानं तांब्याभर पाणी ट्रेमध्ये ओतलं आणि खिडकीतून वाकून बघितलं. बाहेर नळीच्या तोंडाला धार लागली होती. आतून म्हाताऱ्यानं विचारलं, झालं का गं? झालं आबा, सून म्हणाली, आणि तिनं एवढ्या वेळानं नाकावरचा रुमाल काढला.

थंडोबानं बादली मोरीत ओतली, शिडी खांद्यावर टाकली. पलीकडच्या गल्लीत एकाचा एसी सकाळपासून पलंगावर गळत होता.